जाळी कापणाऱ्या द्वारकाबाई

द्वारकाबाईंच्या लुगड्याचा पदर कधीच धड नसायचा. लुगडं नवं असो की विटलेलं, पदराच्या काठापाशी बोटभर रुंदीचा एक पट्टा कायम विस्कटलेला असे. धागे निघालेले, मधेमधे बारीक भोकं पडलेली. राहुरीला मी त्यांच्या घरात खोली भाड्याने घेतली तेव्हा नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते आणि कपड्यांवरून माणूस ओळखण्याची खोड मला होती. बाई गबाळ्या आहेत, असं मी पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या खोलीत डोकावल्या, पलंगावरची चादर पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, पोरींना शाळेत काय शिकवायचं ते शिकवा, पन घडी घालायला नका शिकवू." मग मी माझं मत जरा मागे घेतलं.

घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये एक यंत्र. जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर मिस्तरींनी ते बसवलं होतं. मिस्तरी म्हणजे द्वारकाबाईंचे यजमान. पायाने खालची पट्टी दाबत राहिलं की मेजावर एक उभं पातं वरखाली नाचायचं. पातं म्हणजे तरी काय, दोऱ्याहून थोडं जाड आणि वीतभरही लांब नाही. त्याच्यापुढे सागाची पातळ फळी धरून हळूहळू फिरवायची, की फळीतून वेली निघत, पानं निघत, मोर निघत. अशा जाळ्या जोडून देव्हारे तयार होत. देवळाली प्रवरेपासून नगरपर्यंत कितीतरी घरांत त्या शेडमधले देव्हारे होते, आणि लोक त्यांना 'मिस्तरींचे देव्हारे' म्हणत. मिस्तरी उंच, गोरेपान, गळ्यात तुळशीची माळ, आणि बोलणं असं की गिऱ्हाइकाला उठून जावंसं वाटू नये. जाळी मात्र सगळी द्वारकाबाई कापत.

हे मला कळायला बरेच दिवस लागले, कारण ते कळू नये अशीच व्यवस्था होती. फाटकाची कडी वाजली की द्वारकाबाई यंत्रावरून उठत. अर्धी कापलेली फळी तशीच राही आणि स्टुलावर मिस्तरी येऊन बसत. गिऱ्हाईक आत येईपर्यंत मिस्तरींचा पाय पट्टीवर आणि द्वारकाबाईंचा हात चहाच्या भांड्यावर. "मिस्तरी, ही मोराची मान कशी हो वळवता?" असं कुणी विचारलं की मिस्तरी सांगत, आणि पुष्कळ वेळ सांगत. एखाद्याने कौतुकाने द्वारकाबाईंनाच विचारलं, "वहिनी, तुमचा पण हात लागतो का यात?" तर त्या कपबशी ठेवता ठेवता म्हणत, "मला न्हाई बा त्यातलं कळत. त्यांनाच इचारा." हे त्या इतक्या सरावाने म्हणत, की ऐकताना माझाच जीव चडफडे.

एकदा मी न राहवून विचारलं, "मावशी, खोटं कशाला बोलता?"

"खरं बोलले तर देव्हारा कोन घेईल? बाईनं कापलाय म्हटल्यावर पयलं इचारत्याल, त्या चार दिवसांचं पाळती का."

"मग पाळता ना तुम्ही?"

द्वारकाबाई हसल्या. त्यांचं हसणं कडू असे. ऐकणाऱ्याला त्यात सामील होता येत नसे. "पाळती की. चुलीपाशी जायचं न्हाई, हंड्याला शिवायचं न्हाई, देवाकडं बघायचं न्हाई. मंग बसायचं कुटं? बाहेर, शेडात. ह्यांनीच म्हटलं, बसल्या बसल्या काय करशील, पट्टी हालव. तसंच शिकले मी. अजून बी त्याच दिवसांत लई काम हुतं बघा. ना भाकरी थापायची, ना पानी भरायचं. मोठं देव्हारे समदे तवाच झाल्यात."

ज्या बाईला घरच्या देवासमोर उभं राहायची बंदी, तिने नेमक्या त्या बंदीच्या दिवसांत साऱ्या तालुक्याच्या देवांची घरं कापली होती. मिस्तरींना हे पक्कं ठाऊक होतं आणि सोयीचंही होतं. माळ घातलेल्या त्या गोड माणसावर मी तेव्हा चिडले ती आजतागायत. त्यांचं सगळं चांगलं होतं, फक्त एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही की हे माझी बायको करते. घरात चार माणसं असतानासुद्धा निघालं नाही.

द्वारकाबाई मवाळ होत्या अशी कुणाची समजूत व्हायला नको. जीभ तिखट होती आणि आपल्या कामाचा ताठा होता. आत स्वयंपाकघरात बसून त्या यंत्राचा आवाज ऐकत आणि मिस्तरी गिऱ्हाइकापुढे पट्टी हलवत असले की पुटपुटत, "नुस्ता वारा कापतोय." पातं कसं बसलंय हे त्यांना आवाजावरून कळे. मी अडाण्यासारखं विचारलं की पातं वर काय नि खाली काय, तर त्यांनी मला सांगितलं, "दात खाली बघत असले म्हंजी फळी मेजाला चिकटून ऱ्हाती अन् गप कापली जाती. दात वर झाले की फळीलाच उचलून आपटत्यात." पण ते दात इतके बारीक की मला चष्मा लावूनही दिसत नसत. द्वारकाबाई बघतच नसत. पुडक्यातून नवं पातं काढायचं, पदरावरून एकदा ओढायचं आणि बसवून टाकायचं. पाती नगरहून तेलकट कागदात गुंडाळून येत. बाई तेल पुसून घेतात, असंच सगळ्यांना वाटे. मिस्तरींनाही तसंच वाटे. पदर का फाटतो याचं तेवढंच उत्तर मला मिळालं होतं आणि मला ते पटलंही होतं.

मी आले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मिस्तरी गेले. छातीत कळ आली आणि दुपारच्या दुपारी सगळं संपलं. तेरावं झालं आणि त्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे तात्या म्हणत, मुलाला घेऊन त्या घरात राहायला आले. तात्या विधुर होते. आयुष्यभर त्यांनी बैलगाडीची चाकं, नांगर, कुळव केले होते. त्यांचा मुलगा साखर कारखान्यात फिटर होता आणि बहुतेक वेळ तो पाळीवर किंवा झोपलेला असे. घर मिस्तरींचं, यंत्र मिस्तरींचं, पण मूलबाळ नव्हतं. आणि मूल नसलेल्या विधवेचं घर भाऊबंदकीत किती दिवस तिचं राहतं, हे सांगायला वकील लागत नाही.

द्वारकाबाई यंत्रावर बसायला गेल्या तर तात्या आडवे आले.

"वहिनी, तुमी आता हितं बसू नका."

"का?"

"लोक इचारत्यात. पांढऱ्या कपाळाच्या बाईचा हात देव्हाऱ्याच्या लाकडाला लागलेला कुनाला चालंल?"

"आजवर कुनाचा लागत हुता, भावजी?"

"आजवरचं येगळं. तवा पुढं दादा बसायचा."

द्वारकाबाई आत आल्या आणि सुपात ज्वारी घेऊन बसल्या. त्या दिवसापासून तात्या यंत्रावर. वाकस आणि रंधा चालवून त्यांचे हात असे राठ झाले होते, की निखारा उचलला तरी त्यांना उशिरा कळावं. पातं दोन बोटांत धरायचे, उजेडाकडे करायचे, डोळे बारीक करायचे आणि देवाचं नाव घेऊन बसवायचे. सुलट बसलं तर नशीब. उलटं बसलं की फळी धाडधाड आपटायची, कापत आणलेली वेल तुटायची, पातं मोडायचं. मी शाळेतून घरी येई तेव्हा कोपऱ्यावरूनच ती आपटाआपट ऐकू येई. आत द्वारकाबाई ज्वारी निवडत बसलेल्या. एकदा एवढंच म्हणाल्या, "वाजू द्या. कानाला बरं वाटतं."

शेवटी एके दिवशी तात्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. मी तिथेच बसले होते.

"वहिनी, तेवढं पातं लावून द्या."

"माझा हात चालतो व्हय?"

"लाकडाला चालत न्हाई. लोखंडाला काय हुतंय? लोखंडाला इटाळ न्हाई."

द्वारकाबाईंनी सूप बाजूला सरकवलं, उठल्या आणि पातं लावून दिलं. मी त्यांच्या जागी असते तर ते पुडकं विहिरीत टाकलं असतं. पण मला नोकरी होती, त्यांना नव्हती. एवढ्या एका फरकावर माझा सगळा बाणेदारपणा उभा होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग तशी रीतच पडली. पातं मोडलं की तात्या न उठता आतल्या बाजूला हाक मारत, "वहिनी, पातं." द्वारकाबाई येत, पुडक्यातून पातं घेत, पदरावरून ओढत, दोन्ही चाप घट्ट करत आणि फळीला बोटही न लावता परत जात. जाताना तात्यांनी कापलेल्या जाळीवर एक नजर टाकत. "मोराचं बदक केलं मेल्यानं," हे मला आत येऊन सांगत. लोक तरीही घेत होते, कारण नाव मिस्तरींचं होतं. स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या कामाच्या नावावर त्या बाईला फक्त पातं लावायची परवानगी होती. आणि तीही उपकार म्हणून नव्हे. तात्यांचं अडत होतं म्हणून.

द्वारकाबाईंना याचा हिशेब बरोबर माहीत होता. "ह्या घरात माझं ताट कशावर हाय, ठाव हाय का बाई?" त्या मला म्हणाल्या होत्या. "त्या पात्याच्या दातांवर. ज्या दिशी दुसऱ्या कुनाला ते वळखू आलं, त्या दिशी माझं ताट उचललं."

बहात्तरच्या उन्हाळ्यात तात्यांनी मुलाचं लग्न उरकलं. सून आली, मंदा. अठराएक वर्षांची, बोलायला बेताची, बोटं लांबसडक. तात्यांनी सुनेच्या चेहऱ्याआधी बोटं पाहिली असावीत. आठवड्यातच म्हणाले, "वहिनी, हिला पात्याचं शिकवा. तुमचं आता वय झालं." द्वारकाबाई "शिकवते की" म्हणाल्या आणि शिकवलं नाही. पोरीच्या हातात पातं द्यायचं आणि म्हणायचं, "बघ." पोरगी बघायची. दिसायचं काहीच नाही. मग अंदाजाने सांगायची आणि निम्म्या वेळा चुकायची. त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. विहिरी तळाला गेल्या, देव्हाऱ्यांची मागणी आटली, आणि तात्यांना प्रत्येक मोडलेलं पातं जिवाला लागू लागलं. सगळा राग मंदावर निघे. "बापानं काय शिकवून धाडलं तुला, नुस्तं जेवाया?"

दिवाळी जवळ आली. मंदाची पहिली दिवाळी. तिचे वडील न्यायला आले तर तात्यांनी त्यांना फाटकातच उभं केलं. "पातं लावता आल्याबिगर माहेर न्हाई. शिकली की धाडून देतो." ते गृहस्थ मुलीकडे न बघता परत गेले. मंदा शेडच्या मागे जाऊन रडली, आणि ते द्वारकाबाईंनी पाहिलं.

त्याच संध्याकाळी त्या मंदाला घेऊन माझ्या खोलीत आल्या. "बाई, तुमचं दार लोटून घ्या." कमरेच्या पिशवीतून त्यांनी चार-पाच पाती काढली.

"मंदे, ह्याच्याकडं बघू नको. डोळं मीट. जसं यंत्रात उभं बसवायचं तसं उभं धर अन् पदरावरनं वरून खाली ओढ. काय झालं?"

"अडकतंय, आत्या."

"अडकलं म्हंजी दात खाली. तेच सुलट. आता फिरवून धर. ओढ."

"सुळकन जातंय."

"तेच उलटं. तसं बसवलं की फळी उडंल. एवढंच हाय."

मी चाट पडले. "एवढंच? म्हणजे तुम्ही तेल पुसत नव्हता?"

"तेल पुसाया पदर कशाला फाडीन मी? चिंध्या काय कमी हायत घरात?"

मग त्यांनी पाती उलटसुलट करून मंदाच्या हातात द्यायला सुरुवात केली. मंदा डोळे मिटून सांगत होती, आणि एकही चुकली नाही. द्वारकाबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते आमच्या शाळेत एकाही मास्तराच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं, माझ्या आरशातही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं काहीतरी दुसऱ्याला उघडपणे दिलं होतं आणि ते घेणाऱ्याला आलंही होतं. "हात हाय पोरीला," त्या मला म्हणाल्या. मंदा बाहेर पडत होती.

"आणि तुमचं ताट?" मी विचारलं.

"आधी हिला माहेराला जाऊन येऊ द्या. ताटाचं मागनं बघू. उचललं तर उचललं."

मंदा अजून उंबऱ्यावरच होती. तिने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी तिच्यापुढे पुडकं टाकलं. मंदाने पातं पदरावरून ओढलं आणि उलटं बसवलं. फळी आपटली. दुसरंही उलटंच. तिसरंही. तात्या ओरडले, द्वारकाबाई चकित झाल्या, आणि मंदा मान खाली घालून म्हणाली, "मला न्हाई कळत." दिवाळी आली आणि गेली, मंदा माहेरी गेली नाही. अभ्यंगस्नानाच्या दिवशीही तिने शेडमध्ये बोलणी खाल्ली. मला मात्र शंका आली होती. अंदाजाने सांगणारा निम्म्या वेळा तरी बरोबर येतो. प्रत्येक वेळी चुकायचं तर प्रत्येक वेळी बरोबर काय ते ठाऊक असावं लागतं. मी मंदाकडे पाहिलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प बसले.

द्वारकाबाईंच्या हे लक्षात आलं नाही. एवढी चलाख बाई, पण इथे तिला दिसेना. आपली एकुलती एक शिष्या सगळ्यांसमोर मठ्ठ ठरते आहे, एवढंच तिला दिसत होतं. दिवसभर त्या मंदावर चिडत. "काल डोळं मिटून सांगत हुतीस, आज काय धाड भरली?" मंदा ऐकून घेई.

एका सकाळी पुन्हा पातं मोडलं. तात्यांनी तुकडे गोळा केले आणि आतल्या बाजूला तोंड करून मोठ्याने म्हणाले, "शिकवनारीलाच कुटं येत हुतं? दादा लावून ठेवायचा पाती. ह्या नुस्तं तेल पुसायच्या."

द्वारकाबाई हातातलं पीठ न धुता बाहेर आल्या. मी शाळेत निघाले होते ती ओसरीवरच थांबले. त्यांनी मंदाचा दंड धरला आणि तिला तात्यांपुढे उभं केलं. "डोळं मीट. हे धर. ओढ पदरावरनं. काय हुतंय?"

"सुळकन जातंय," मंदा म्हणाली.

"खोटं बोलती. अडकल्याला धागा मला दिसतोय. खरं सांग."

"आत्या, राहू द्या ना."

"राहू द्या कसं? हे म्हनत्यात मला येत न्हाई. सांग."

मंदा रडायला लागली. द्वारकाबाईंनी एकेक पातं तिच्या हातात दिलं आणि रडत रडत तिने एकेक बरोबर सांगितलं. अडकतंय. जातंय. अडकतंय. द्वारकाबाई तात्यांकडे वळल्या. इतकी ताठ मान मी त्यांची कधी पाहिली नव्हती. "बघितलं? कोन लावत हुतं पाती? तुमच्या दादाला मरेस्तवर कळलं न्हाई दात कुटं असत्यात ते. पाती मीच लावली अन् जाळ्या बी मीच कापल्या. एकूनएक."

तात्या चिडले नाहीत. त्यांनी पुडक्यातून एक पातं उचललं, खांद्यावरच्या पंच्यावरून वरून खाली ओढलं, फिरवून पुन्हा ओढलं. पंच्याला एक धागा निघाला. "असं हाय व्हय," तात्या म्हणाले, पातं यंत्रात बसवलं आणि पट्टीवर पाय ठेवला. फळी जागची हलली नाही, गुमान कापली जाऊ लागली. द्वारकाबाई तो आवाज ऐकत उभ्या राहिल्या. राठ बोटांना जे कळत नव्हतं ते पंच्याला कळत होतं. आता तात्यांना सूनही लागणार नव्हती आणि वहिनीही.

चार दिवसांनी तात्या जेवताना सहज म्हणाले, "वहिनी, तुमाला बी भावाकडं जाऊन लई दिवस झालं की." द्वारकाबाईंचा भाऊ पाथर्डीकडचा. तिकडे पाऊस एरवीही बेताचा, त्या वर्षी तर माणसं जनावरांसकट बाहेर पडलेली आणि भाऊ स्वतः दुष्काळी कामावर खडी फोडत होता. मी तात्यांशी भांडले. घर त्यांच्या नवऱ्याचं आहे, यंत्र त्यांच्या नवऱ्याचं आहे, असं सगळं बोलले. तात्यांनी शांतपणे ऐकलं. "बाई, मी कुटं घालवतोय? माहेराला चालल्यात. तुमी तुमची शाळा बघा." गल्लीतलं कुणी काही बोललं नाही. विधवा माहेरी जाते यात बोलण्यासारखं काय असतं?

एस.टी. स्टँडवर सोडायला मी आणि मंदा गेलो. गाडी लागली तेव्हा मंदाने बोचकं वर चढवलं आणि खिडकीपाशी येऊन म्हणाली, "आत्या, मी जानून चुकवत हुते. तुमचं ताट ऱ्हावं म्हनून."

मला वाटलं, द्वारकाबाई आता तिचा हात हातात घेतील. त्यांनी हात पुढे केला नाही. मग म्हणाल्या, "मंदे, येत असल्यालं काम येत न्हाई असं पुन्यांदा म्हनू नको. माझ्यासाठी न्हाई, नवऱ्यासाठी न्हाई. मी जलमभर म्हनले. आता खरं सांगाया गेले तर त्या खऱ्याचं बी दुसऱ्यालाच सोनं झालं." त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि पुढे बघायला लागल्या. गाडी सुटली तरी वळून पाहिलं नाही.

त्या भावाबरोबर खडीवर जात होत्या, असं नंतर कुणाकडून तरी कळलं. पुढच्या पावसाळ्यात, पाऊस पडायला लागल्यावर, गणपती तोंडावर आले असताना भावाचा माणूस सांगावा घेऊन आला. ताप आला आणि गेल्या, एवढंच. तात्यांनी कपाळाला हात लावला. मला क्षणभर वाटलं माणसाला वाईट वाटलं. तात्या म्हणाले, "ऐन हंगामात गेल्या." भावकीचं सुतक. सुतकात देवाचं काम करता येत नाही, म्हणून यंत्र बंद.

त्या सुतकात नगरहून एक गृहस्थ आले. मिस्तरी असताना त्यांनी मोठा देव्हारा नेला होता, आता गणपतीसाठी जाळीचं मखर हवं होतं. तात्या म्हणाले, "काम बंद हाय, साहेब. सुतक हाय."

"अरेरे. कोण गेलं?"

"भावजय. तसं काही न्हाई, घरीच असायच्या."

मंदा ओसरीवर भांडी घासत होती. ती राखेच्या हातांनी उठून उभी राहिली. "घरी न्हाई. यंत्रावर असायच्या. तुमच्याकडचा देव्हारा बी त्यांनीच कापलाय."

"मंदे, आत जा," तात्या म्हणाले.

मंदा गेली नाही. गृहस्थ गोंधळले. टेरिलीनचा सदरा, खिशाला पेन, सुशिक्षित माणूस. "म्हणजे मिस्तरींनी नाही?"

"न्हाई. मिस्तरी नुस्तं बोलायचं."

गृहस्थांनी जरा घुटमळून, आवाज खाली आणून विचारलं, "पण त्या सगळं पाळून करायच्या ना?"

मंदाने माझ्याकडे पाहिलं. ते मोठे देव्हारे केव्हा झाले, हे द्वारकाबाईंनी तिलाही सांगितलं असणार. होय म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. मंदा म्हणाली, "पाळायच्या की. चुलीला शिवायच्या न्हाईत, देवाला शिवायच्या न्हाईत. म्हनून तर तेवढे दिस यंत्रावर बसायच्या."

गृहस्थ आल्या पावली निघून गेले. सुतक फिटल्यावर ते पुन्हा आले ते टेम्पो घेऊन. देव्हारा गोणपाटात गुंडाळलेला होता. पैसे नकोत म्हणाले, फक्त हा ठेवून घ्या, घरात म्हातारी आई आहे. चौघांनी तो शेडमध्ये उतरवला. आतल्या जाळीवर समईची काजळी बसली होती, उंबऱ्यावर हळदीकुंकवाचे डाग. इतकी वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ लोक त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले होते, आणि देवाने कधी तक्रार केली नव्हती. माझ्या तोंडून त्या माणसाला काही वेडंवाकडं जाऊ नये म्हणून मी खोलीत निघून गेले. बोलायला हवं होतं, असं अजूनही वाटतं.

तात्या देव्हाऱ्याकडे बघत बसले होते. "आता ह्याचं काय करायचं?"

"इकायचा," मंदा म्हणाली. "कुनी कापला ते सांगून."

तिने तो पुसून लख्ख केला आणि शेडच्या तोंडाशी, रस्त्यावरून दिसेल असा ठेवला. लोक थांबत. वाकून बघत, मोराच्या मानेवरून बोट फिरवत, वा म्हणत, कुणाच्या हातचा म्हणून विचारत. मंदा सांगे. मग ते बोट मागे घेत. पंचाहत्तर साली माझी बदली झाली आणि मी राहुरी सोडली. तोवर तो विकला गेला नव्हता.